बिर्याणीच्या पुढचं

होसकोटे म्हटलं की बेंगळुरूच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. शनिवारची मध्यरात्र उलटली की व्हाइटफील्ड, इंदिरानगरकडची तरुण मंडळी गाड्या काढतात, जुन्या मद्रास रोडने इकडे येतात आणि पहाटे चारच्या थंडीत दम बिर्याणीच्या रांगेत उभी राहतात. उन्हं वर यायच्या आत हंडे रिकामे. या रांगांवर लिहिणारे, व्हिडिओ काढणारे पुष्कळ झाले. त्या बिर्याणीचं पुढे काय होतं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. पानावरून उठेपर्यंतचं सगळं रसिकांकडे आणि त्यापुढचं नगरपालिकेकडे, ही वाटणी फार जुनी असावी.

मी बिर्याणीच्या वाटेला जात नाही. तरी हा पुढचा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मुलगी नोकरीला व्हाइटफील्डला. तिच्या जवळ राहायचं पण डोक्यावर बसायचं नाही, म्हणून आम्ही पुण्याचा फ्लॅट विकला आणि होसकोट्याबाहेर एक जुनं घर घेतलं. आजूबाजूला द्राक्षांचे मांडव, निलगिरीच्या राया, पावसाळ्यात नाचणी. खरेदीखतात विहीर होती, नारळ मोजून लिहिले होते, पडक्या गोठ्याचीसुद्धा नोंद होती. सेप्टिक टँकचा उल्लेख नव्हता. ती कुठे आहे असं आधीच्या मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी मागच्या सगळ्या परसावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अल्ले इदे, अक्का." तिथेच आहे. आता 'तिथे' म्हणजे सात गुंठे.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणात किती आलं, कालव्यात किती सोडलं, मधे किती मुरलं, याचा हिशेब देण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला स्वतःच्या घरचं पाणी कुठे जातं हे ठाऊक नसणं सोसवेना. त्यांनी पहार घेतली आणि परसात ठिकठिकाणी ठोकून कान देऊन ऐकायला सुरुवात केली. जुन्या घराच्या आवारात परका माणूस असा ठोकत फिरला की लोकांना गुप्तधनाची शंका येते. तशी ती आलीच. एका वयस्क गृहस्थांनी संध्याकाळी कुंपणापाशी येऊन हलक्या आवाजात सांगितलं, की अमावास्या होऊन जाऊ दे, त्याआधी खणू नका. एका वास्तुवाल्याने छातीठोकपणे वायव्य दिशा दाखवली. मैल्याची टाकी वायव्येलाच असते म्हणे. निघाली ती ईशान्येला, देवघराच्या भिंतीपासून दहा पावलांवर. घर बांधणाऱ्याने शास्त्र विचारलं नव्हतं, उतार बघितला होता.

सापडली तीही पहारीने नाही. एप्रिलात सगळं परस करपलेलं असताना कपडे धुवायच्या दगडाभोवतीच तेवढं हिरवंगार गवत होतं. ते मला दिसलं. हे अजून म्हणतात की ते तिथवर ठोकत आलेच असते.

दगडाखाली ग्रॅनाइटच्या लांबलचक फरशा निघाल्या. या भागात दगडाला तोटा नाही. शेताच्या कुंपणाचे खांबसुद्धा दगडी आणि जुन्या घरांची छपरंही दगडी फरश्यांची. एक फरशी सरकवायला चार माणसं आणि दोन पहारी लागल्या. आत विटांची, दोन कप्प्यांची, चांगली ऐसपैस टाकी. ह्यांनी एका लांब बांबूच्या टोकाला माझा जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तो अलगद तळापर्यंत नेला आणि वर काढून, त्यावर उमटलेल्या काळ्या पट्ट्याची उंची टेपने मोजली. मग सुखाने म्हणाले, "खाली गाळ, वर तवंग, मधे निवळ, आणि तिकडे सांडवा. सगळं जागच्या जागी आहे." निवृत्तीनंतर इतका उजळलेला चेहरा मी पाहिला नव्हता. टॉवेल मात्र मी परत घेतला नाही.

सेप्टिक टँक ही गोष्ट खरं तर थोर आहे. तिच्यात फिरणारं चाक नाही, वीज नाही, बटण नाही. जड असेल ते तळाला बसतं, हलकं वर तरंगतं, आणि हवा न लागणारे जंतू तळातला ऐवज सावकाश खाऊन त्याचा वायू करतात. फ्रान्समधल्या वेझूल गावच्या मूरास नावाच्या गृहस्थाने 1860 च्या सुमाराला घराखाली अशी एक बंद टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी उघडून पाहिली, तर अपेक्षेच्या मानाने आत फारच थोडा गाळ. ते त्यालाही कोडंच वाटलं असावं, कारण त्याने पेटंट घेतलं ते 1881 साली. पुढे इंग्लंडात एक्झेटरच्या कॅमरन नावाच्या इंजिनियरने 1895 च्या आसपास तिचं 'सेप्टिक टँक' असं बारसं केलं आणि तिच्यातल्या वायूवर दिवे लावून दाखवले. आपली मुंबईही मागे नव्हती. माटुंग्याच्या कुष्ठधामात त्याच शतकाच्या अखेरीस मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरत. देवघराशेजारी ज्योत पेटवण्याची ही सोय आमच्या ह्यांच्या डोक्यात मधे काही आठवडे घोळत होती. मी ती घोळूच दिली.

मधल्या थराला 'निवळ' म्हणतात ते दिसण्यापुरतं. त्यातले रोगजंतू मरत नाहीत, ते पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातात आणि पुढचं काम माती करते. होसकोट्याची तांबडी माती हे काम बऱ्यापैकी करते, पण बोअरवेल शेजारी नसावी लागते. इथे बोअर हजार-हजार फूट खाली जातात, म्हणून लोकांना वाटतं की वरचं खाली पोचणार कसं. पाण्याला मात्र घाई नसते. शेजारच्या बऱ्याच घरी तर टाकीसुद्धा नाही. सिमेंटच्या रिंगा एकावर एक रचून केलेला, तळ उघडा ठेवलेला खड्डा, तोही 'सेप्टिक टँक' म्हणूनच ओळखला जातो. तो वर्षानुवर्षं भरत नाही याचा घरमालकाला अभिमान असतो. तो का भरत नाही, हे आमच्या ह्यांनी एकदा एकाला समजावून सांगितलं. त्या घरून येणारा कढीपत्ता तेव्हापासून बंद आहे.

ह्या बाबतीत मला वाटतं आपण सगळेच फार वर्षं डोळे मिटून बसलो. ऑगस्ट 1768 मध्ये याच होसकोट्याजवळ गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांची छावणी पडली होती; इंग्रजांच्या बाजूने आले होते. 22 तारखेच्या रात्री हैदर अलीने छावणीवर छापा घातला आणि मराठ्यांनी तो परतवला, एवढं लिहून ठेवलेलं आहे. पण ऐन पावसाळ्यात एवढी माणसं टमरेल घेऊन कुठल्या अंगाला जात होती, त्याची नोंद नाही. अंधारातून येणारे हैदरचे लोक पहिल्यांदा नेमके कोणाला दिसले असतील, याबद्दल माझा एक तर्क आहे. तो इतिहास संशोधक मंडळात वाचून दाखवण्यासारखा नाही.

माझं माहेर वाईचं. आमच्या वाड्यात मागच्या अंगाला टोपलीचा संडास होता आणि त्याला बाहेरून, बोळाकडून, एक बुटकं दार होतं. त्या दाराने सकाळी एक बाई येऊन जात. आम्ही मुलं त्या वेळी त्या बाजूला फिरकत नसू. वाड्यात कल्हईवाल्याचं नाव माहीत होतं, दूधवाल्याच्या म्हशीचंसुद्धा नाव माहीत होतं. त्या बाईंचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. पुढे संडास बदलले, बोळातलं दार बुजवलं, आणि वाड्याला वाटलं की प्रश्न सुटला.

त्याच काळात या प्रश्नाशी झटणारी माणसं महाराष्ट्रात होती. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन 1932 च्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात उपाशी बसले, ते कशासाठी, तर तुरुंगातलं मैला काढायचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. सवलत मागण्यासाठी उपोषणं पुष्कळ झाली. हे काम मागण्यासाठी झालेलं उपोषण मला दुसरं आठवत नाही. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी साधे, स्वस्त, खत देणारे संडास घडवले. त्यांच्याकडे शिकायला गेलेले देहूचे डॉक्टर मापुसकर. दवाखान्यात येणारे निम्मे आजार कुठून येतात हे ओळखून त्यांनी औषधांच्या बरोबरीने संडास बांधायला घेतले आणि मैल्यावर चालणाऱ्या गोबर गॅसला 'मलप्रभा' असं, एखाद्या नदीला शोभावं असं, नाव ठेवलं. 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती मरणोत्तर. तुकोबांच्या गावातल्या या माणसाबद्दल मला शाळेत कोणी सांगितलं नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहताना तर गरजच पडली नाही. साखळी ओढली, पुढे बटण दाबलं, की संपलं. कुठे गेलं हा प्रश्नच नव्हता.

होसकोट्यात तो रोज आहे, आणि त्याचं उत्तर दहा पावलांवर आहे.

अशा टाकीची निगा म्हणजे बहुतांशी स्वतःचे हात आवरणं. मराठी गृहिणीला हे फार जड जातं. संडास घासायचा, फिनेल ओतायचं, सणावाराला अ‍ॅसिडची बाटली काढून फरशी लखलखीत करायची, ह्या संस्कारात आम्ही वाढलो. इथे ते ओतलं की खालचे जंतू मरतात आणि मग टाकी ही नुसती साठवण होते. म्हणून आता ब्रश, थोडा साबण आणि पुष्कळ मनोनिग्रह. कपडे धुवायच्या मशीनचं पाणी टाकीत नाही सोडायचं, केळीला सोडायचं. एकदम एवढं पाणी आलं की तळ ढवळतो आणि गाळ शोषखड्ड्याच्या वाटेला लागतो. तळणीचं तेल नाही, केस नाहीत, फिल्टर कॉफीचा चोथा नाही. तो गुलाबाला. सॅनिटरी पॅड आणि वेट वाइप्स यांच्यासाठी झाकणाचा डबा. मुलीच्या मैत्रिणी येतात तेव्हा ह्या सूचना तोंडी द्यायची लाज वाटते, म्हणून ह्यांनी खात्यातल्या वळणदार अक्षरात फलक लिहून दाराच्या आतून लावला. त्याची सुरुवात 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी आहे.

सल्ले देणारे पुष्कळ. एक म्हणतो शेणकाला घाला, दुसरा म्हणतो गूळ-ताक, दुकानदार म्हणतो ही पावडर आणा, यात कोट्यवधी जंतू आहेत. अहो, जंतू घालायचे कशाला? ते आम्ही रोज सकाळी स्वतःच घालतो आहोत, अगदी ताजे. टाकी उपसताना तळाशी थोडा जुना गाळ विरजणासारखा ठेवून द्यायचा, एवढंच सरकारी मानक सांगतं. 1985 सालचं हे मानक ह्यांनी मिळवलं आहे आणि त्याची छापील प्रत ज्ञानेश्वरीच्या शेजारी असते.

गौरी-गणपतीला आमच्याकडे बेंगळुरूतली मराठी मंडळी येतात. पूर्वी मी विचारत असे, किती पानं? आता हे विचारतात, किती माणसं, आणि राहणार किती? मी पुरणाचा अंदाज घेते, हे लिटरचा. त्यात परतीचा पाऊस आला की शोषखड्डा शोषायचं थांबतो. न्हाणीच्या जाळीतून गुडगुड असा आवाज येतो आणि आरती चालू असताना ह्यांचं अर्धं लक्ष तिकडे. एका वर्षी 'घालीन लोटांगण' म्हणताना हे गिरकी घेत घेत थेट मागच्या दारापर्यंत गेले, ते परसात डोकावूनच परत फिरले.

दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलवावा लागतो. बेंगळुरूत याला 'हनी सकर' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याची विनोदबुद्धी जबर असली पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या टँकरच्या कपाळावर 'श्री मंजुनाथ प्रसन्न', समोर लिंबू-मिरची, आणि पाठीवर लांबूनही वाचता येईल एवढा मोठा फोन नंबर. तो गल्लीत शिरला की कोणाकडे आला आहे हे लपत नाही. जाड पाइप सोडला जातो, पंप घरघरतो, आजूबाजूच्या खिडक्या एकापाठोपाठ एक लागतात. तासाभराने त्याच खिडक्या उघडतात आणि कोणीतरी हळूच विचारतं, "एष्टु तगोंड्रु?" किती घेतले? सगळ्यांनाच त्याची गरज असते, पण पहिला फोन आपण करायचा नसतो. टँकरवाला अण्णा हात-पाय धुऊन ओट्यावर बसतो, आम्ही तिघं कॉफी पितो. पहिल्या वेळी त्याने कप धुऊन परत दिला. मी तो घेतला आणि त्याच्यासमोरच त्यात स्वतःला कॉफी ओतून घेतली. त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या खेपेला त्याने कप तसाच ठेवला आणि बायकोच्या गुडघेदुखीबद्दल बोलत बसला.

एकदा नात्यातले एक पाहुणे ह्या प्रसंगी हजर होते. ते म्हणाले, "पाइपने तळ कुठे निघतो? एखादा माणूस आत उतरवा, खरवडून देईल." आमचे हे सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि आतल्या माणसाला वाटतं की हवा बरी आहे. तो पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर येणाऱ्या चार ओळींच्या बातमीत नेहमी दोन-तीन नावं असतात, ती ह्यामुळे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी 10 लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये ते 30 लाख केले. आकडा वाढवावा लागला, यातच सगळं आलं.

जुन्या मद्रास रोडनेच कोलारच्या पुढे गेलं की कोलार गोल्ड फील्ड्स लागतं. सोन्याच्या खाणींसाठी तिथे 1902 साली शिवनसमुद्रहून वीज आली. देशातल्या बहुतेक शहरांनी तेव्हा दिवा पाहिला नव्हता. आणि त्याच वसाहतीत टोपलीचे संडास 1990 च्या दशकापर्यंत चालू होते. तो मैला उचलणाऱ्यांच्याच घरात जन्मलेल्या बेजवाडा विल्सन यांनी त्याविरुद्ध लढा उभारला, सफाई कर्मचारी आंदोलन घडवलं, आणि 2016 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाहुण्यांना ह्यांनी हे सगळं सांगितलं. पाहुणे म्हणाले, "मी आपलं सहज म्हटलं." बहुतेक जण सहजच म्हणतात.

टँकर भरून जातो कुठे, हे मी अण्णाला विचारलंच. तो हसला आणि केळीच्या बागांकडे हनुवटी उडवली. बेंगळुरूच्या आसपासचे शेतकरी हा माल अनेक वर्षं घेतात. खड्ड्यात वाळवून घातला तर खत उत्तम, तसाच ओतला तर जंतांची अंडी महिनोन्‌महिने जमिनीत जिवंत राहतात. आमच्याच बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यात, टिपू सुलतानाच्या जन्मगावी देवनहळ्ळीला, 2015 साली ह्यासाठी खास प्रकल्प उभा राहिला. टँकरने आणलेला गाळ तिथे मुरवतात, वाळवतात, मग त्याचं खत होतं. रोजची क्षमता 6 हजार लिटर.

हे मी कौतुकाने वाईला वहिनीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, आमच्याकडे नगरपालिकेचा टँकर आपणहून येतो. तीन वर्षांनी पाळी ठरलेली. बोलवावं लागत नाही." खरंच आहे ते. 2018 पासून वाईत ठरल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसतात आणि गाळावर गावातच प्रक्रिया होते. विश्वकोशाच्या गावाने हीसुद्धा नोंद राखली म्हणायची. त्या बुटक्या दाराच्या वाड्यापासून इथवर माझं माहेर माझ्या पाठीमागे परस्पर पोचलं, आणि मी इकडे पहारीच्या गोष्टी सांगते आहे. गंमत म्हणजे खुद्द बेंगळुरूचं सांडपाणीसुद्धा आता आमच्या अंगणाच्या दिशेनेच येतं. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातलं पाणी शुद्ध करून 2018 पासून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडतात; योजना दिवसाला 44 कोटी लिटरची. ते किती शुद्ध केलं असावं यावर भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण तळी भरली आणि विहिरींना पाणी आलं, हेही लोक सांगतात. पहाटे बिर्याणी खाऊन गेलेल्या मंडळींची परतफेड अशी कोलारपर्यंत जाते आणि तिथून टोमॅटो होऊन पुन्हा बेंगळुरूच्या मंडईत येते. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने पुढचे काही दिवस कोशिंबीर केली नाही.

आता आमच्या शेजारी द्राक्षांचा एक मांडव जाऊन तिथे लेआउट पडतो आहे. मागच्या महिन्यात त्या लेआउटचा एक तरुण दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. आमच्या भूमिगत ड्रेनेजला तुम्हीही जोडून घ्या म्हणाला, एकदा पैसे भरले की टाकी नको, टँकर नको, कसली कटकट नको. मला मोह झाला. ह्यांनी चष्मा लावला, नकाशा दोन्ही बाजूंनी पाहिला, पाइपांचे व्यास वाचले, उतार विचारला. तरुणाने पटापट उत्तरं दिली. मग ह्यांनी नकाशाच्या कडेला, जिथे निळी रेघ कागदाबाहेर जात होती, तिथे बोट ठेवलं.

"आणि इथून पुढे?"

तरुणाने कागद फिरवून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"गोत्तिल्ला, सार," तो म्हणाला. माहीत नाही.

"विचारून या," हे म्हणाले. "सावकाश या. आमची अजून दीड वर्षाची सोय आहे."